कोरड्या हवेत दमट मुलखातील फुलझाडे : मराठवाड्यातील लागवडीसंबंधी काही विचार

प्रास्ताविक

सुट्टीत कोकणात गेलेले मराठवाड्यातील कुटुंब परतताना अनंत, सोनचाफा किंवा एक्झोरा यांची एक-दोन रोपे हमखास बरोबर आणते. मृगाच्या पावसात ही रोपे तरारतात, श्रावणात नवी पालवी धरतात, आणि घरात समाधानाचे वातावरण पसरते. दिवाळीनंतर पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात. शिमग्यापर्यंत पाने पिवळी पडतात आणि वैशाखात कुंडीत काटकी उरते. मालक पाणी वाढवतो, खत बदलतो, शेवटी कुंडीची जागा बदलतो. रोप गेल्यावर घरातील वडीलधारी मंडळी एक वाक्य उच्चारतात : 'त्याला इथली हवा मानवली नाही.'

हे वाक्य सांत्वनासाठी उच्चारले जात असले, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते पाणी वाढवण्याच्या उपायापेक्षा सत्याच्या कितीतरी जवळचे आहे. दमट उष्ण प्रदेशातील झाडे कोरड्या प्रदेशात दगावतात, याचे पहिले कारण तापमान नव्हे, मातीतील ओलाव्याची कमतरता हेही नव्हे. हवेचा कोरडेपणा हे होय. त्याच्या जोडीला भूजलातील क्षार आणि जमिनीतील चुनखडी येतात. या कारणांचा उलगडा करणे, आणि ज्या प्रदेशात पाणी मोजून वापरावे लागते तेथे अशा झाडांना किती स्थान द्यावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'उष्णकटिबंधीय' या शब्दाविषयी

येथे एक गैरसमज प्रथम दूर करणे आवश्यक आहे. रोपवाटिकांच्या फलकांवर 'ट्रॉपिकल' हा शब्द दमटपणाच्या अर्थाने वापरला जातो. वास्तविक संपूर्ण मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असून तो भौगोलिकदृष्ट्या उष्णकटिबंधातच मोडतो. उष्णकटिबंधात बारमाही पावसाची अरण्ये आहेत, तशीच सहा-आठ महिने कोरडी राहणारी पानगळीची जंगलेही आहेत, आणि या दोन्ही ठिकाणची फुलझाडे आपल्या बागांत शेजारी शेजारी लावली जातात.

चाफ्याचे उदाहरण बोलके आहे. मराठीत चाफा या एका नावाखाली परस्परांशी फारसे नाते नसलेली अनेक झाडे नांदतात. सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या कुळातील. त्याला दमट हवा, खोल आणि निचऱ्याची जमीन लागते. देवळाच्या आवारात दिसणारा खुरचाफा मात्र मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेला. कोरडा ऋतू लागताच तो पाने टाकून देतो, जाड खोडात पाणी साठवतो आणि उन्हाळ्यात निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. दोघेही उष्णकटिबंधीय, दोघेही सुगंधी, दोघेही चाफा. परंतु परभणीच्या उन्हाळ्यात एकाला उपचार लागतात आणि दुसऱ्याला काहीच लागत नाही. दक्षिण अमेरिकेतील बोगनवेल आणि पूर्व आफ्रिका व अरबस्तानातील अडेनियम हीदेखील खुरचाफ्याच्या पंगतीतील. उलट कोलंबिया व इक्वेडोरच्या ओल्या जंगलातील अँथुरियम, अमेरिकेच्या उष्ण अरण्यांतील बहुतेक हेलिकोनिया, दक्षिण चीनकडील अनंत ही सोनचाफ्याच्या पंगतीतील. रोप विकत घेताना त्याचे मूळ गाव विचारावे, ते यासाठी.

हवेची तहान

हवा जितकी तापते तितकी तिची बाष्प धारण करण्याची क्षमता वाढते. २५ अंश सेल्सिअसला संपृक्त हवेच्या एका घनमीटरात सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. ४० अंशाला ते सुमारे ५१ ग्रॅम, म्हणजे दुपटीहून अधिक होते. यामुळे केवळ सापेक्ष आर्द्रतेचा आकडा झाडाची अवस्था पुरेशी सांगत नाही. हवेत मावू शकणारे बाष्प आणि प्रत्यक्षात असलेले बाष्प यांतील अंतर दाबाच्या रूपात मोजले, म्हणजे बाष्पदाबाची तूट मिळते. ही तूट म्हणजे, सोप्या भाषेत, हवेची तहान.

उदाहरणादाखल मे महिन्यातील दोन दुपारी घेऊ. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरील गावी तापमान ३३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असल्यास तूट सुमारे १.५ किलोपास्कल भरते. त्याच वेळी मराठवाड्यातील एखाद्या गावी तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असल्यास ती सुमारे ५.९ किलोपास्कल होते. तापमानात फरक अवघा सात अंशांचा. हवेच्या तहानेत मात्र जवळजवळ चौपटीचा. त्याच मराठवाड्यात श्रावणात तापमान ३० अंश व आर्द्रता ७० टक्के असताना तूट सव्वा किलोपास्कलच्या आसपास येते. म्हणजे पावसाळ्याचे काही आठवडे आपली हवा कोकणासारखीच वागते आणि नव्या रोपाच्या मालकाला फसवते.

पर्णरंध्रे उघडी ठेवल्याशिवाय झाडाला कार्बन डायऑक्साइड मिळत नाही, आणि ती उघडी ठेवली की पाणी बाहेर पडते. हवेची तहान वाढत गेली की मुळे व खोडातील वाहिन्या तितक्या वेगाने पाणी वर चढवू शकत नाहीत. माती ओलीचिंब असली तरीही. मग झाड पर्णरंध्रे मिटते. बाष्पोच्छ्वास थांबल्यामुळे पानाला मिळणारा गारवाही थांबतो आणि उन्हात असलेले पान हवेपेक्षाही अधिक तापते. पानाच्या कडा व टोके पाण्याच्या वाटेवरील शेवटची ठिकाणे असल्याने तेथील पेशी आधी मरतात. कडा करपणे हे दुखणे बहुतांशी असे सुरू होते.

ओल्या मातीत सुकणारे झाड

आता मालकाची चूक लक्षात येईल. दुपारी दोन वाजता मान टाकलेले झाड पाहून तो बादलीभर पाणी ओततो. संध्याकाळी झाड सावरते, आणि पाण्यामुळेच ते सावरले असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः संध्याकाळी हवेची तहान उतरली म्हणून ते सावरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कुंडीतील पोकळ्या पाण्याने भरून राहतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात. आणि मुळे कुजली की झाड खरोखरच तहानेने मरते, भर पाण्यात. प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयातील बागेत अँथुरियमचा पहिला वाफा असाच गेला. मरगळलेली झाडे उपटून पाहिली तेव्हा मुळांचा तपकिरी लगदा हातात आला. तोवर आम्ही सर्वजण माळ्याला 'पाणी कमी पडते' म्हणून बोल लावत होतो.

निदानाची सोपी पद्धत अशी : झाड दुपारी न पाहता सूर्योदयापूर्वी पाहावे. पहाटेही पान लोंबत असेल आणि बोट दोन पेरे खुपसल्यावर माती कोरडी लागली, तर पाणी द्यावे. पहाटे पान ताठ असेल, तर दुपारच्या मरगळीवर सावली हा उपाय आहे. पहाटे पान लोंबलेले आणि माती मात्र ओली असेल, तर मुळे तपासावीत.

चुनखडी, बोअरचे पाणी आणि केवडा

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि चुनखडीचे खडे विखुरलेले असतात. तिचा सामू साधारणपणे ७.५ ते ८.५ इतका आढळतो. कोकणातील जांभ्याची जमीन याच्या नेमकी उलट, आम्लधर्मी. तेथे वाढलेल्या अनंत, एक्झोरा, सोनचाफा या झाडांची मुळे लोह सहज विरघळलेल्या मातीला सरावलेली असतात. काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही. ते विपुल असते. परंतु सामू वाढला की ते अविद्राव्य होते. परिणामी कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. शेतकरी या लक्षणाला 'केवडा' म्हणतात. जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्राची उणीव असते; नवी पाने आधी पिवळी पडली तर लोहाची. हा भेद न ओळखता शेणखत वा युरिया देत राहिल्याने काहीच साध्य होत नाही.

यावर गंधक मिसळावे, असा सल्ला बागकामाच्या पुस्तकांत हटकून आढळतो. त्याचे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे. एक चौरस मीटर वाफ्यातील तीस सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती सुमारे ४०० किलो भरते. तीत पाच टक्के चुनखडी असेल, तर ती २० किलो झाली. आणि एवढी चुनखडी निष्प्रभ करण्यास सुमारे साडेसहा किलो गंधक लागेल. म्हणजे हा सल्ला चुनखडी नसलेल्या जमिनीसाठी योग्य, आपल्यासाठी व्यर्थ. त्यापेक्षा ही मोजकी झाडे जमिनीत न लावता मोठ्या कुंडीत किंवा विटांच्या उंच वाफ्यात, कोकोपीट, पालापाचोळ्याचे कुजलेले खत व जाड वाळू यांच्या मिश्रणात लावणे शहाणपणाचे. हिराकस मातीत टाकल्यास तिच्यातील लोह काही दिवसांतच बद्ध होते. पानांवर सौम्य फवारणी केल्यास तात्पुरता लाभ होतो. चिलेटयुक्त लोह घ्यावयाचे झाल्यास ईडीटीए प्रकार उच्च सामूला टिकत नाही, ईडीडीएचए प्रकार टिकतो. दुकानदार पहिला प्रकार पुढे करतो, कारण तो स्वस्त असतो.

परंतु माती बदलूनही दर दिवशी बोअरचे पाणी दिले, तर वर्षभरात कुंडीतील माती पुन्हा जमिनीसारखीच होते, कारण या पाण्यात बायकार्बोनेट व इतर क्षार असतात. झाड पाणी घेते, क्षार मागे राहतात. कुंडीच्या कडेवर जमणारा पांढरा थर त्याचीच खूण. घरगुती शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर मूळ पाण्याहूनही क्षारयुक्त असते. ते वाया जाऊ नये म्हणून अनंताला घालणारे अनेक सद्गृहस्थ लेखकाच्या पाहण्यात आहेत. ते पाणी फरशी पुसण्यास वापरावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र हवेतील बाष्पाचेच असल्याने जवळजवळ क्षारविरहित असते आणि नाजूक झाडांना चालते. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी तसे नव्हे. तेथे बाष्पीभवनाने क्षार अधिक घट्ट झालेले असतात.

येथे आणखी एक बाब नमूद करावीशी वाटते. आपल्याकडील रोपवाटिकांतील पुष्कळशी शोभेची रोपे आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातून येतात. गोदावरीच्या मुखाजवळच्या दमट हवेत वाढलेली ही रोपे त्याच नदीच्या वरच्या अंगाला, पैठण-नांदेडच्या कोरड्या हवेत येऊन पडतात. त्यांच्या मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवल्यास भोवतालच्या भुसभुशीत मिश्रणातून पाणी निघून जाते आणि गोळ्याचा गाभा एक तर कोरडा राहतो, नाही तर चिखलासारखा. पावसाळ्यात लावणी करताना गोळ्याची बाहेरची माती पाण्यात हलकेच सोडवून घ्यावी. आणि रोप घ्यावे तेही पावसाळ्याच्या तोंडीच. मार्चमधील प्रदर्शनात घेतलेले रोप दमट हरितगृहातून थेट भट्टीत येते. जूनमध्ये घेतलेल्या रोपाला मुळे पसरवण्यास आणि जाड पाने धरण्यास चार महिने मिळतात.

हवा बदलण्याचे उपाय

सन १८२९च्या सुमारास लंडनमधील नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला, एका पतंगाच्या कोशासाठी बंद करून ठेवलेल्या बाटलीतील ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. त्या शहराच्या धुरकट हवेत त्याचे नेचे जगत नसत. त्यातून वॉर्डची काचपेटी जन्मास आली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे जहाजाने सिडनीपर्यंत सुखरूप पोहोचली. पुढे चीनमधील चहाची रोपे भारतात आली तीही अशाच पेट्यांतून. तत्त्व साधे : झाडाने सोडलेले बाष्प त्याच्याच भोवती अडवून धरणे. परंतु लंडनचे ऊन आणि आपले ऊन यांत अंतर आहे. काचेची बंद पेटी आपल्या गच्चीवर ठेवली, तर तासाभरात नेचा उकडून निघेल. आपल्याकडे हेच तत्त्व सावलीत आणि अर्धवट उघड्या रूपात योजावे लागते.

ते आपल्या जुन्या वाड्यांत योजलेलेच होते. चारी बाजूंनी सोप्यांनी वेढलेल्या चौकात पश्चिमेचा कोरडा वारा शिरत नसे, ऊन दिवसातील काही तासच येई, आणि विहीर वा आडाभोवतीची फरशी सतत ओली असे. न्हाणीघराच्या मागे सांडपाण्यावर केळ, अळू, कर्दळ आणि सोनटक्का वाढत. ओली जागा पसंत करणारा सोनटक्का मराठवाड्यातील घरांत पिढ्यानपिढ्या फुलला तो या रचनेमुळे. आज तीच झाडे आपण सिमेंटच्या गच्चीवर, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वाऱ्याच्या तोंडी ठेवतो आणि हवा मानवत नाही म्हणतो. वाडा पुन्हा बांधता येणार नाही. पण घराच्या पूर्वेकडील अंग, पश्चिमेस आडोसा, डोक्यावर ५० टक्के सावली देणारी जाळी, आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणे एवढे कोणालाही जमते. पानापानांतून सुटणारे बाष्प गर्दीत रेंगाळते. एकट्या कुंडीला ते सुख नाही.

हाताने पाणी फवारण्याबद्दल लेखक फारसा आशावादी नाही. वीस टक्के आर्द्रतेत फवारा काही मिनिटांत उडून जातो आणि बोअरचे पाणी असल्यास पानांवर पांढरे ठिपके ठेवून जातो. वाळ्याच्या ताट्या किंवा कूलर यांनी हवा निश्चितच बदलते. ४० अंश व २० टक्के आर्द्रतेची हवा ओल्या पृष्ठभागावरून गेल्यास सिद्धांततः सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. कोरड्या प्रदेशाला निसर्गाने दिलेली ही सवलत आहे, मुंबईला ती नाही. मात्र तिची किंमत पाण्यात मोजावी लागते. सावलीला ती लागत नाही. मुळांना गार ठेवण्यासाठी मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधली जागा ओल्या वाळूने भरणे आणि वरून उसाच्या पाचटाचे आच्छादन घालणे, हा थोड्या पाण्यात होणारा उपाय आहे.

आमरी अर्थात ऑर्किडविषयीची भीती अनाठायी आहे. पुष्कळशा आमरी इतर झाडांच्या फांद्यांवर केवळ आधारासाठी राहतात. त्यांना बांडगूळ समजणे चूक. फांदीवर पाऊस थांबला की लगेच दुष्काळ असतो, म्हणून त्यांच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते आणि अनेक जातींची पर्णरंध्रे रात्री उघडतात, जेव्हा हवेची तहान कमी असते. संस्कृत 'वन्दा' शब्दावरून नाव मिळालेल्या वांदा प्रजातीतील काही आमरी द्वीपकल्पातील कोरड्या पानगळीच्या जंगलांतही वाढतात. पहाटे पावसाचे साठवलेले पाणी आणि दाट सावली मिळाल्यास त्या मराठवाड्यात अँथुरियमपेक्षा अधिक तग धरतात.

ताण आणि बहर

पाणी न देणे हीदेखील लागवडीचीच क्रिया आहे, हे आपल्या मोसंबी व डाळिंब बागायतदारांना सांगावे लागत नाही. ताण देऊन बहर धरणे ही त्यांची नित्याची रीत. बोगनवेलीला भरपूर पाणी मिळाले की ती पाने वाढवते. पाणी तोडले की रंगते. मोगऱ्याचे पाणी हिवाळ्यात तोडावे, पाने झडू द्यावीत, छाटणी करावी, आणि मग खत देऊन पाणी सुरू करावे. फुटणाऱ्या नव्या फांद्यांवर कळ्यांचे घोस येतात. अशा झाडांच्या बाबतीत कोरडी हवा ही अडचण नसून सोय आहे. ताणाचा हाच प्रयोग अनंतावर केल्यास मात्र तो कळ्या गाळून मोकळा होतो.

पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात आमच्या बागेचे नळ बंद झाले, आणि ते योग्यच होते. मराठवाड्यात वर्षाला साधारण सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर बाष्पीभवनाची क्षमता त्याच्या दुपटीहून अधिक आहे. मे महिन्यात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला दहा मिलिमीटरहून अधिक, म्हणजे चौरस मीटरमागे दहा लिटरहून अधिक पाणी उडते. अशा ठिकाणी उन्हात हेलिकोनियाचा ताटवा फुलवणे शक्य आहे काय, हा प्रश्न गौण होय. ज्या गावात बाया घागरीसाठी रांगेत उभ्या राहतात तेथे तो फुलवावा काय, हा प्रश्न अधिक खरा आहे.

लेखकाचे मत असे की, दमट मुलखातील झाडांची संख्या छपरावरील पावसाने ठरवावी. शंभर चौरस मीटर छपरावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी ५६ हजार लिटर पाणी मिळते. एवढे साठवणे बहुतेकांना अशक्य. पण दहा कुंड्यांना रोज एक लिटर याप्रमाणे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी सुमारे १,२०० लिटर लागते, आणि तेवढी टाकी अनेक घरांत मावते. पाणी झाकलेले व अंधारात ठेवावे, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि डास होत नाहीत. दहा कुंड्या, त्याहून अधिक नाहीत. उरलेली बाग खुरचाफा, बोगनवेल, मोगरा, पारिजातक यांची. धुणे-भांड्यांचे साबणाचे पाणी यांनाही देऊ नये, कारण त्यातील सोडियम काळ्या मातीची घडण मोडतो. भाज्या धुतलेले पाणी चालते.

२०१६च्या त्या उन्हाळ्यात आम्ही एकाही झाडाला नळाचे पाणी दिले नाही. अँथुरियम सर्व गेली, अनंताची दोन झाडे गेली, एक्झोरा अर्धी वाळली. खुरचाफा नेहमीप्रमाणे एप्रिलमध्ये फुलला. जूनमधील पावसानंतर मोगऱ्याला बुंध्यापासून फूट आली; आणि न्हाणीमागची म्हणून माळ्याने कधीतरी आणून लावलेली कर्दळ व सोनटक्का, जी मेली असे समजून आम्ही यादीतून खोडली होती, ती आठवड्याभरात कंदांतून वर आली.